देणाऱ्याची नम्रता, घेणाऱ्याचा मान

सोलापूर हे एका भाषेचे शहर कधीच नव्हते. येथील बाजारपेठेत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या भाषा शेजारी शेजारी नांदतात. १८६० मध्ये रेल्वे येथवर आली, पुढे कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि दूरदूरचे विणकर व मजूर शहरात स्थायिक झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच अमेरिकन मराठी मिशनचे कामही अहमदनगरहून (आजचे अहिल्यानगर) सोलापुरात पोहोचले. चार्ल्स हार्डिंग, लोरिन गेट्स यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे या जिल्ह्यात काढली. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आणि शतकअखेरीचे दुष्काळ त्यांनी पाहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी मेरी हार्डिंग यांनी सोलापुरात लहान मुलांसाठी किंडरगार्टन पद्धतीचा वर्ग आणि शिक्षिकांचे प्रशिक्षण सुरू केले.

या कामाचे मूल्यमापन मराठी समाजात प्रायः दोन टोकांनी झाले आहे. एका बाजूस कृतज्ञता : शाळा, दवाखाने, अनाथालये, छापखाने. दुसऱ्या बाजूस संशय : सेवेच्या आडून धर्मांतर. दोन्ही बाजूंना आपापले पुरावे आहेत. परंतु या वादात एक तिसरा प्रश्न मागे पडतो. परक्या देशातून आलेला माणूस येथल्या माणसाशी कोणत्या नात्याने वागला? दाता म्हणून, गुरू म्हणून, की सहकारी म्हणून? ख्रिस्ती धर्मविचारात नम्रतेला मोठे स्थान आहे. येशूने शिष्यांचे पाय धुतल्याचा प्रसंग तेथे सेवेचा आदर्श मानला जातो. मात्र व्यक्ती कितीही विनयशील असली, तरी पैसा, निर्णय आणि अधिकार एकाच बाजूला असतील तर ते नाते बरोबरीचे होत नाही. महाराष्ट्रातील मिशनचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे.

भाषेपुढे शिष्यत्व

अमेरिकन मिशनचे पहिले कार्यकर्ते गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. मराठी आल्यावाचून त्यांना एक पाऊलही पुढे टाकता येणार नव्हते. शिकवण्यासाठी आलेल्या माणसाला प्रथम विद्यार्थी व्हावे लागले. त्याआधी बंगालमध्ये विल्यम कॅरे यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले, तेही वैजनाथ पंडितांच्या साह्याने. त्या काळातील व्याकरणे, कोश आणि बायबलची भाषांतरे यांवर नावे युरोपीय किंवा अमेरिकन माणसांची दिसतात. त्यांमागे बसून शब्दांचा अर्थ, प्रयोग आणि औचित्य सांगणारे पंडित बहुधा प्रस्तावनेतील एखाद्या ओळीपुरते उरतात. ज्ञान दोघांनी मिळून घडवले, श्रेय मात्र एकाच्या खात्यावर जमा झाले. भागीदारीतील ही पहिली तफावत होय.

ही तफावत दूर करण्याचा एक चांगला दाखला मराठीतच आहे. जस्टिन ॲबट हे अहमदनगरच्या मिशनरी घराण्यातले. त्यांनी मुंबईत दीर्घकाळ मिशनचे काम केले. अमेरिकेत परतल्यानंतर, उतारवयात, त्यांनी महाराष्ट्रातील संतकवींची इंग्रजी ग्रंथमाला हाती घेतली. १९२६ पासून भानुदास, एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम यांच्यावरील पुस्तके प्रसिद्ध होऊ लागली. मराठी माणसांना नवा धर्म सांगण्यासाठी आलेल्या मिशनचा हा कार्यकर्ता अखेरीस मराठी संतांचे म्हणणे आपल्या देशबांधवांना सांगू लागला. महिपतीच्या ‘भक्तविजया’चा अनुवाद ॲबट यांच्या निधनानंतर १९३३ मध्ये निघाला. त्यावर ॲबट यांच्या बरोबरीने पंडित नरहर गोडबोले यांचे नाव आहे. वरवर पाहता ही बाब लहान वाटेल. परंतु एका शतकाआधीच्या अनामिक पंडितांची आठवण ठेवली, तर तिचे महत्त्व ध्यानात येते.

भाषेबरोबर सुरांचाही प्रश्न होता. आरंभीच्या मराठी मंडळ्यांत पाश्चात्त्य चालींवर मराठी शब्द बसवून गीते गायिली जात. मराठी कानाला आणि मराठी शब्दांच्या आघातांना त्या चाली परक्या होत्या. अहमदनगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कथा कीर्तनाच्या रूपात मांडली. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि पदांची परंपरा चर्चमध्ये आणली. ‘उपासना संगीत’ या पुस्तकातील टिळकांची पदे मराठी ख्रिस्ती समाजात आजही म्हटली जातात. परदेशी मिशनऱ्याला शब्दकोशाच्या बळावर हे साधले नसते. तेथे त्याने बाजूला सरून ऐकणे, एवढीच त्याच्या हातची मदत होती.

तत्त्व स्वावलंबनाचे, हुकूम बोस्टनचा

अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन हे एकोणिसाव्या शतकातील मिशनविचारातले मोठे नाव. स्थानिक चर्चने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा आणि स्वतःच पुढे वाढावे, हे त्यांचे सूत्र. परदेशी मिशनऱ्याने आपली गरज संपेल अशा रीतीने काम करावे, असा त्याचा अर्थ. १८५४-५५ मध्ये अँडरसन स्वतः भारतात आले. त्याच सुमारास, १८५४ मध्ये, अहमदनगर येथे हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा देण्यात आली. मंडळीची सूत्रे येथील माणसांच्या हाती जाण्याची ती महत्त्वाची पायरी होती.

पण याच दौऱ्यातील दुसरा निर्णय विचार करायला लावणारा आहे. अँडरसन यांच्या मते मिशनच्या पैशातून इंग्रजी शिक्षण देणे हे मूळ उद्दिष्टापासून दूर जाणे होते. म्हणून देशी भाषांवर भर देऊन इंग्रजी शिक्षणावर कात्री चालवण्यात आली. युक्तिवाद वरून पाहता स्थानिक भाषेच्या सन्मानाचा होता. मात्र ज्यांना इंग्रजीच्या आधारे नोकरी, प्रतिष्ठा आणि गावगाड्यातून सुटका मिळू शकत होती, त्यांना काय हवे हे निर्णायक ठरले नाही. स्वावलंबनाचे तत्त्वसुद्धा सातासमुद्रापलीकडून हुकमासारखे लागू झाले. पुढे मिशनला हे धोरण सैल करावे लागले.

पैशाची अडचण याहून बिकट होती. मिशनच्या मंडळ्यांतील बहुसंख्य सभासद महार आणि मांग समाजातील होते. गावकीची कामे, बलुते आणि मजुरी यांवर जगणाऱ्या माणसांनी पाळकाचा पगार उचलावा, इमारती सांभाळाव्यात आणि शाळाही चालवावी, ही अपेक्षा कागदावर ठीक होती. पण त्या संस्थांचा आकार आणि खर्च परदेशी देणग्यांच्या मापाने ठरलेला होता. त्यामुळे पैसा बाहेरून येत राहिला, आणि ज्यांच्या हाती पैसा त्यांच्या हाती निर्णय, हा व्यवहार चालू राहिला. शिक्षक, पाळक आणि प्रचारक हे मिशनचे पगारी नोकर बनले. वरिष्ठ आणि नोकर यांच्यात स्नेह असू शकतो, आणि तो अनेक ठिकाणी होताही. भागीदारी मात्र तेवढ्याने होत नाही.

टिळकांना हे तीव्रतेने जाणवले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे ते संपादक होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ या कल्पनेवर काम आरंभले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले आणि तो प्रयोग अपुरा राहिला. परंतु मिशनमधील सर्वांत प्रतिभावान मराठी माणसाला आपले स्वप्न मिशनच्या बाहेर जाऊन पाहावे लागले, ही वस्तुस्थिती बोलकी आहे. टिळकांचे इंग्रजी चरित्र १९२३ मध्ये जे. सी. विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने लिहिले. त्याच विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. पुढे पुण्यात स्थिरावलेल्या या संघात इंग्रज आणि भारतीय एकाच छपराखाली, एकाच राहणीने, आश्रमपद्धतीने राहत. टिळकांनी घालून दिलेला धडा निदान एका परदेशी माणसाने गिरवला होता.

कुंपणाच्या आतली सेवा

सोलापूरच्या इतिहासात या प्रश्नाचे सर्वांत कठीण रूप ‘सेटलमेंट’मध्ये दिसते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजांना जन्माने गुन्हेगार ठरवले. १९११ च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाख्यात अशा जमातींसाठी वसाहती वाढल्या. त्यांतील सोलापूरची वसाहत प्रमुख होती. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट आदी समाजांतील कुटुंबे येथे तारेच्या कुंपणात ठेवली गेली. हजेरी सक्तीची, बाहेर जायचे तर परवानगी आवश्यक. शहरातील गिरण्यांना मजूर हवे होते, तेही या वसाहतींतून मिळत.

सरकारने अशा काही वसाहतींचा कारभार मिशनरी संस्थांकडे सोपवला. सोलापूर आणि बार्शी येथे अमेरिकन मराठी मिशनने ही जबाबदारी काही काळ सांभाळली. मुलांसाठी शाळा, औषधोपचार, हस्तोद्योग, कामाची सोय अशी कामे तेथे झाली. त्यांत कळकळ नव्हती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अक्षरओळख झालेली पहिली पिढी अनेक कुटुंबांत याच शाळांतून निघाली. तरीही त्या व्यवस्थेचा पाया तपासावा लागतो. ज्याच्यासाठी सेवा आहे तो नकार देऊ शकत नाही. ‘तुमची मदत नको, मला बाहेर जाऊ द्या’ असे तो म्हणू शकत नाही. शिक्षकाच्या हातात खडूबरोबर हजेरीचे पुस्तकही असले, तर विद्यार्थी त्याला शिक्षक मानील की पहारेकरी?

येथे वैयक्तिक नम्रता पुरी पडत नाही, हे स्पष्ट होते. सेटलमेंटमधील एखादा मिशनरी स्वभावाने कितीही मृदू असला, तरी तो कुंपणाच्या किल्ल्या बाळगणाऱ्या व्यवस्थेचा भाग होता. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि हे समाज ‘विमुक्त’ म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांच्या मुक्तीची भाषा मात्र पुढे त्यांच्याच लेखकांनी आणि कार्यकर्त्यांनी घडवली. सेवा घेणाऱ्याला नकाराचा अधिकार आहे का, हा भागीदारीचा पहिला निकष सोलापूरच्या या कुंपणाने कायमचा अधोरेखित केला आहे.

केडगावात बदललेल्या भूमिका

याच्या अगदी उलट चित्र पंडिता रमाबाईंच्या कामात दिसते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्यानंतरही रमाबाईंनी आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून निर्भीड वाद घातले. श्रद्धेच्या बाबतीत आपल्या विवेकाचा अधिकार त्यांनी सोडला नाही. गळ्यातील क्रुसावर लॅटिन शब्द कशासाठी, आपल्या देशाची संस्कृत का नको, असाही त्यांचा प्रश्न होता. जेराल्डिन यांना त्यात अहंकार दिसला. वस्तुतः नम्रतेची मागणी नेहमी दुबळ्या बाजूकडेच का केली जाते, हा मुद्दा त्या पत्रव्यवहारातून पुढे येतो.

रमाबाईंनी अमेरिकेत पैसा उभा केला, तेथे त्यांच्या साह्यासाठी संघटना निघाली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पैसा अमेरिकेचा, पण संचालन रमाबाईंचे. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात मिनी अब्राम्स यांच्यासारख्या परदेशी स्त्रिया रमाबाईंच्या नेतृत्वाखाली काम करू लागल्या. गोऱ्या सहकाऱ्याने मराठी स्त्रीच्या आज्ञेत राहावे, ही त्या काळात विलक्षण गोष्ट होती. अर्थात स्थानिक नेतृत्व आले म्हणून सारे प्रश्न सुटतात असेही नाही. शारदा सदनातील मुलींच्या धर्मांतरावरून १८९३ मध्ये वादळ उठले आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले. देणगीदार, संचालक आणि ज्या समाजातून मुली आल्या तो समाज, या तिघांचा विश्वास एकाच वेळी सांभाळणे रमाबाईंनाही जमले नाही.

‘आम्हाला मित्र हवेत’

महाराष्ट्रातील हे अनुभव एकाकी नव्हते. जून १९१० मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. सुमारे १२०० प्रतिनिधींत आशियातील प्रतिनिधी वीसही नव्हते. तेथे तमिळ कार्यकर्ते व्ही. एस. अझरिया यांनी परदेशी आणि भारतीय कार्यकर्त्यांमधील दुराव्याविषयी स्पष्ट भाषण केले. तुम्ही धन दिले, प्राणही दिले. आता आम्हाला मैत्री द्या, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता. उपस्थितांपैकी अनेकांना ते रुचले नाही. अझरिया पुढे १९१२ मध्ये दोर्नकलचे बिशप झाले.

१९२५ मध्ये कोलकात्यात मिशनऱ्यांपुढे बोलताना महात्मा गांधींनी जवळपास याच जागी बोट ठेवले. तुमच्यात ग्रहणशीलता, नम्रता आणि येथील सामान्य जनांशी एकरूप होण्याची तयारी कमी पडते, असे त्यांनी सुनावले. केवळ द्यायला नव्हे, घ्यायलाही या, हा त्यांचा आग्रह होता. १९४७ मध्ये कॅनडातील व्हिटबी येथील परिषदेत ‘आज्ञाधारकतेतील भागीदारी’ हे सूत्र पुढे आले आणि ‘जुन्या’ व ‘नव्या’ चर्चमधील भेद मिटवण्याची भाषा सुरू झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील मंडळ्याही या प्रवाहात आल्या. अँडरसन यांचे सूत्र सव्वा शतकाच्या अंतराने, निदान रचनेच्या पातळीवर, प्रत्यक्षात आले.

स्थानिक म्हणजे नेमके कोण?

तथापि परदेशी माणूस गेला आणि देशी माणूस खुर्चीत बसला, एवढ्याने समता येते का? मिशनमधील आरंभीचे अनेक नामवंत मराठी पाळक आणि लेखक ब्राह्मण घराण्यांतून आलेले होते. मंडळीतील बहुसंख्य मात्र अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये सोवळ्याओवळ्याचे संस्कार आपल्या मनातून कसे गळत गेले, हे विलक्षण प्रामाणिकपणे सांगितले आहे. पतीच्या धर्मांतराच्या धक्क्यानंतर काही काळ पंढरपुरात राहिलेल्या या स्त्रीने शिकण्यासाठी वेळ घेतला, आणि शिकल्यावर ते लपवले नाही. सारेच तितके शिकले नाहीत. पुढे १९८० च्या दशकात मराठी मुलुखातील अरविंद निर्मळ यांनी दलित ईश्वरविद्येची मांडणी केली, तेव्हा भारतीय चर्चमधील उच्चवर्णीय दृष्टिकोनावरच प्रश्नचिन्ह लागले. परक्याकडून नम्रतेची अपेक्षा करणाऱ्याला आपल्याच मंडळीत ती दाखवावी लागते, हे त्यातून पुढे आले.

आज परदेशी मिशनऱ्यांची संख्या नगण्य आहे. ख्रिस्ती कार्यकर्ता आता बहुधा भारतातीलच असतो. पण केरळ, तमिळनाडू किंवा ईशान्येकडून मराठी अथवा आदिवासी भागात आलेल्या माणसालाही भाषा, अन्न आणि रीतिरिवाज परकेच असतात. हाच पेच इतर सेवाभावी संस्थांपुढेही आहे. २०१० चा परकीय देणगी नियमन कायदा आणि त्यातील २०२० ची दुरुस्ती यांमुळे संस्थेला पैशाचा हिशेब सरकारला काटेकोरपणे द्यावा लागतो. देणगीदारही अहवाल मागतो. ज्या वस्तीसाठी पैसा आला, त्या वस्तीपुढे मात्र हिशेब क्वचितच वाचला जातो. मुंबई-पुण्यातून दुष्काळी गावात मदत घेऊन जाणारी मंडळीही या प्रश्नातून सुटत नाहीत.

या इतिहासातून चार साधे प्रश्न निघतात. आलेल्या माणसाने येथील भाषा शिकली का? पैशाचा निर्णय कोणाच्या बैठकीत होतो? मदत नाकारण्याची मुभा आहे का? आणि तो निघून गेल्यावर काम कोणाच्या नावाने चालते? यांची उत्तरे समाधानकारक असतील, तर नम्रतेची वेगळी ग्वाही द्यावी लागत नाही.

सोलापूरकरांना या प्रश्नांचे एक उत्तर आपल्याच घरात सापडते. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले. त्यांचे कार्य धर्मप्रसाराचे नव्हते. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या सैनिकांची शुश्रूषा हे त्यांचे काम होते. परंतु परक्या मुलुखात जाण्याची रीत येथे वेगळी होती. हे पथक चिनी बाजूने केलेल्या विनंतीवरून गेले. कोटणीस चिनी भाषा शिकले, चिनी व्यवस्थेतील रुग्णालयात काम करू लागले, तेथीलच परिचारिकेशी विवाहबद्ध झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच निवर्तले. चिनी लोक त्यांना आजही आपला माणूस मानतात. सोलापुरात त्यांच्या जन्मघराचे स्मारक आहे. ज्या शहराने परदेशातून आलेली सेवा कुंपणाच्या आतून अनुभवली, त्याच शहराच्या मुलाने परक्या देशात जाऊन तेथल्यांपैकी एक होऊन दाखवले.